सीडरतोड

याही वर्षी जानेवारीचे तीन शनिवार रानात गेले. "रानात" हा आईला द्यायचा ठरलेला जिताजागता शब्द. "रँचवर" म्हटलं की तिला घोडे, टोप्या आणि बंदुका दिसतात आणि मग फोन लांबतो. प्रत्यक्षात तिथे घोडा एकही नाही. ऑस्टिनपासून पश्चिमेला तासाभरावर, ब्लँको काउंटीत, चुनखडीच्या टेकड्यांवरची दोनशे एकर जमीन, अठरा-वीस गाई, एक गंजका पिकअप ट्रक, एक म्हातारा, एक म्हातारी आणि सीडर. सीडर म्हणजे किती सीडर, तर उभं राहिलं की आपण कुठून आलो ते दिसू नये इतकं.

हे म्हातारे-म्हातारी आमचे कोणी नव्हेत. मुलं लहान असताना एका ओळखीच्यांकडून तिथे सहलीला गेलो, नंतर जात राहिलो, आणि एका हिवाळ्यात म्हाताऱ्यांनी नवऱ्याच्या हातात करवत दिली आणि माझ्या हातात फांद्या छाटायची लांब दांड्याची कात्री. तेव्हापासून थंडी पडली की आम्ही मजूर. पोरं त्यांना आजोबाच म्हणतात. ('ग्रँपा' नाही, 'आजोबा'. त्यांना वाटतं ते त्यांचं खास नाव आहे. आम्हीही खुलासा केलेला नाही.)

गेल्या महिन्यात गावाकडच्या माझ्या चुलतभावाचा फोन आला आणि मला एकदम या सीडरबद्दल सगळं लिहून काढावंसं वाटलं. फोनबद्दल शेवटी सांगते. आधी सीडर.

पहिली गोष्ट म्हणजे हा सीडर सीडर नाहीच. खरा सीडर म्हणजे आपला देवदार, किंवा लेबनॉनच्या झेंड्यावरचा. टेक्सासमधला हा ज्युनिपर आहे, नाव ॲश ज्युनिपर, ॲश नावाच्या एका अमेरिकन वनशास्त्रज्ञावरून. पण पहिल्या वसाहतवाल्यांनी लाल, सुवासिक लाकूड पाहिलं आणि सीडर म्हणून टाकलं. आता दीडशे-पावणेदोनशे वर्षांनी कोण सुधारणार? ऑस्टिनच्या उत्तरेला एक अख्खं शहर सीडर पार्क नावाचं आहे.

दुसरी गोष्ट, थंडीतच का? कारणं बरीच आहेत आणि सगळी व्यवहारातली. उन्हाळ्यात इथे पारा चाळीसच्या आसपास रेंगाळतो, गवतात गोचिडी असतात आणि दगडाखाली रॅटलस्नेक जागा असतो. थंडीत तो सुस्तावतो (पूर्ण झोपत नाही, हे आजोबा दर वर्षी आठवण करून देतात). तोडलेल्या फांद्यांचे ढीग जाळायचे असतात, आणि उन्हाळ्यात बहुतेक वेळा काउंटीची आगबंदी असते. मार्च उजाडला की एक पाहुणा पक्षी घरटं करायला येतो, त्याच्याबद्दल पुढे आहेच. आणि फेब्रुवारी ते जून ओकच्या झाडाला जखम करायची नाही, कारण ओक विल्ट नावाचा बुरशीचा रोग त्या दिवसांत पसरतो, आणि सीडर पाडताना शेजारच्या ओकची फांदी मोडणार नाही याची खात्री कोण देणार? म्हणजे हाताशी उरतात नोव्हेंबर, डिसेंबर, जानेवारी, आणि जपून केलं तर फेब्रुवारी.

आता गंमत बघा. नेमक्या याच महिन्यांत सीडर फुलतो. डिसेंबरात नरझाडं तांबूस-पिवळी होतात आणि एखादा थंड, कोरडा वारा सुटला की त्यांतून परागांचे लोट असे उठतात की लोक आग लागली समजून अग्निशमन दलाला फोन करतात. त्या परागांनी डोळे, नाक, घसा, सगळं पेटतं. याला इथे सीडर फीव्हर म्हणतात. ताप क्वचितच येतो, माणूस बेजार मात्र होतो. ऑस्टिनला आल्यावर पहिली एक-दोन वर्षं काही झालं नाही, तेव्हा मी ऑफिसात ऐटीत होते. तिसऱ्या जानेवारीत रडत रडत मीटिंगा केल्या. त्यामुळे सीडर तोडण्यात थोडा वैयक्तिक सूडही आहे, हे कबूल करते.

काम असं असतं. खोड जमिनीलगत कापायचं, सगळ्यात खालच्या हिरव्या फांदीच्याही खाली. तसं कापलं की हा ॲश ज्युनिपर पुन्हा फुटत नाही, विषय संपला. (पश्चिमेकडचा त्याचा भाऊ, लाल फळांचा ज्युनिपर, बुंध्यातून परत फुटतो. तिकडचे लोक आमच्याकडे असूयेने बघतात.) कापणं सोपं. खरं काम ओढण्याचं. सीडरची फांदी फांदीत अशी अडकते की एक ओढायला जावं तर पाच येतात, आणि पायाखाली सगळे धारदार चुनखडीचे दगड. संध्याकाळी हातमोज्यांना चिकाचा वास येतो, जिन या दारूसारखा. सारखा काय, तोच. जिनला वास ज्युनिपरच्या फळांचाच असतो.

या "झुडपं साफ करणे" प्रकाराला मध्यंतरी जागतिक कीर्ती मिळाली होती ती जॉर्ज बुश यांच्यामुळे. १९९९ मध्ये त्यांनी क्रॉफर्ड गावाजवळ सोळाशे एकरांच्या आसपास रँच घेतली, आणि अध्यक्ष झाल्यावर सुट्टीत तिथे जाऊन करवतीने झुडपं तोडायचे, पत्रकारांना फोटो मिळायचे. त्यांच्या आधी रेगनही कॅलिफोर्नियातल्या आपल्या रँचवर हेच करत. बुश हे ऑगस्टमध्येही करायचे. आमचे आजोबा बुश यांना मत देणाऱ्यांपैकी, पण या एका बाबतीत त्यांनी कधी माफ केलं नाही. ऑगस्टमध्ये तोडणाऱ्या माणसाला एक तर काम माहीत नसतं किंवा बघणारे हवे असतात, असं त्यांचं मत.

असो. इतिहासाकडे येते.

या टेकड्यांच्या प्रदेशाला हिल कंट्री म्हणतात. १८४५-४६ च्या सुमारास इथे जर्मन वसाहतवाले आले, न्यू ब्राउनफेल्स आणि फ्रेडरिक्सबर्ग वसवली. त्या काळात इथे आलेल्यांनी उंच गवताची वर्णनं लिहून ठेवली आहेत. सीडरही होता, पण मुख्यतः घळींमध्ये आणि तीव्र उतारांवर. सपाट माथे आणि नदीकाठ मोकळे, मधे मधे ओकचे पुंजके. याचं कारण आग. वीज पडून लागणारी, आणि कोमांची वगैरे मूळ रहिवासी मुद्दाम लावत ती. दर काही वर्षांनी गवत पेटायचं. गवताचं मूळ जमिनीत सुरक्षित, पावसाबरोबर परत उगवायचं. सीडरचं रोपटं मात्र एकदा जळलं की मेलं. घळीत आग पोचत नसे, तिथे सीडर शेकडो वर्षं जगायचा. वणवा म्हणजे नासधूस, एवढंच शिकत मी मोठी झाले. वणव्याने माळ राखला जातो हे कळायला मला टेक्सासला यावं लागलं.

मग गुरं आली. रॉबर्ट कॅरो या चरित्रकाराने लिंडन जॉन्सनच्या चरित्राच्या पहिल्या खंडात (१९८२) या गवताबद्दल जे लिहिलंय ते वाचून मी पुस्तक मिटून बसले होते. जॉन्सन इथलेच, पेडर्नालेस नदीकाठचे. कॅरो बायकोसह इथे येऊन राहिले आणि त्यांना उमगलं ते असं, की हे गवत म्हणजे सापळा होता. वरून दिसायला समृद्धी, खाली खडकावर काही इंच माती. ते गवत शतकानुशतकं साठत आलेलं भांडवल होतं, आणि लोकांनी त्याला वार्षिक उत्पन्न समजून गुरं सोडली. पाच-दहा वर्षांत भांडवल संपलं. माती पावसाबरोबर नदीत गेली, खडक वर आला, आणि खडकात कोण जगतं? सीडर.

यात काटेरी तारेचा हात मोठा आहे. १८७४ मध्ये इलिनॉयच्या ग्लिडनने तारेचं पेटंट घेतलं आणि १८७६ मध्ये सॅन अँटोनिओच्या चौकात एका विक्रेत्याने तारेच्या कुंपणात दांडगी गुरं कोंडून दाखवली, असा किस्सा सगळे सांगतात. दहा वर्षांत मोकळं रान संपलं. १८८३ च्या दुष्काळात तर पाण्यापर्यंत गुरं नेता येईनात म्हणून लोक रात्री तारा तोडत फिरायचे, गोळीबार झाले, आणि १८८४ मध्ये टेक्सासने कुंपण तोडणं हा गंभीर गुन्हा ठरवला. कुंपण आलं म्हणजे गुरं एकाच जागी वर्षभर चरणार. चरलेल्या जमिनीवर जळायला गवतच नाही, म्हणजे आग नाही. आग लागलीच तर ती विझवायला आता माणसं धावणार, कारण कुंपण, घर, गोठा जळणार. पक्षी ज्युनिपरची निळी फळं खाऊन तारेवर बसणार आणि बिया तारेखाली टाकणार. आजही जुन्या कुंपणाची रेघ ओळखायची असेल तर सीडरची रांग बघावी.

आणि या तारेला खांब लागतात. लाखो खांब. सीडरचा आतला लाल गाभा जमिनीत कित्येक दशकं कुजत नाही. म्हणजे कुंपणाने सीडर वाढवला आणि सीडरने कुंपण उभं केलं.

इथून गोष्टीत माणसं येतात. हे खांब तोडणाऱ्या लोकांना सीडर चॉपर म्हणत. मला लगेच आपला शब्द सुचला: ऊसतोड, तशी सीडरतोड. स्वतःची जमीन नसलेली किंवा नावापुरती असलेली कुटुंबं, टेकड्यांच्या घळींत तंबू किंवा फळ्यांच्या खोपटात राहायची. दुधारी कुऱ्हाड, बायकापोरं फांद्या सोलायला आणि ओढायला. पैसे नगावर, म्हणजे खांबामागे. आधीच्या काळात हेच लोक सीडरचा कोळसा पाडून सॅन अँटोनिओ आणि ऑस्टिनला विकत, चुलीला आणि इस्त्रीला. नंतर गावोगाव सीडर यार्ड झाली, तिथे खांब मोजून रोख मिळे. दुसऱ्या महायुद्धानंतर काही वर्षं चांगली गेली, यांत्रिक करवत आली, काही जणांनी बरे पैसेही पाहिले. मग लोखंडी खांब स्वस्त झाले आणि साठच्या दशकापर्यंत धंदा बसला.

शहरी लोक त्यांना घाबरत आणि हसत. शाळेत त्यांची पोरं वेगळी बसत. सीडर चॉपर ही शिवी होती. केन रॉबर्ट्स या निवृत्त प्राध्यापकांनी २०१८ मध्ये या लोकांवर एक पुस्तक काढलं. त्यांनी म्हाताऱ्या माणसांना शोधून, घरी जाऊन बोलतं केलं. फार चांगलं पुस्तक आहे.

मी ते वाचलं आणि माती खाल्ली. जानेवारीतच, दुपारी ट्रकच्या मागच्या फळीवर सँडविच खात बसलो होतो. मी सकाळपासूनच्या ढिगाकडे बोट दाखवून कौतुकाने म्हणाले, "बघा, आम्ही आता खरे सीडर चॉपर झालो!" कोणी हसलं नाही. आजींनी थर्मासचं झाकण लावलं, अगदी हळू. आजोबा उठले आणि करवतीची साखळी घट्ट करत बसले. ती घट्टच होती.

परत येताना नवरा म्हणाला, काहीतरी चुकलं. मला कळेना. पुस्तकात तर आता त्या लोकांचा अभिमानाने उल्लेख आहे!

पुढच्या थंडीपर्यंत कोणी विषय काढला नाही. मग एका सकाळी, नॉर्दर आला होता (उत्तरेचा थंड वारा, तासाभरात पारा पंधरा अंश उतरतो), काम अशक्य म्हणून आम्ही शेडमध्ये उभे होतो. आजोबांनी भिंतीवरची कुऱ्हाड काढली. दुधारी, एक पातं झिजून अर्धं झालेलं. म्हणाले, "माझ्या वडिलांची." एवढंच. मग बऱ्याच वेळाने, कुऱ्हाड परत टांगताना: या समोरच्या उतारावर वडिलांनी खांब तोडले होते, दुसऱ्याच्या मालकीची जमीन होती तेव्हा. आजोबा तेव्हा सात-आठ वर्षांचे, खांब ओढायचे. शाळेत मास्तरांनी बापाचा धंदा विचारला तेव्हा त्यांनी "सुतार" सांगितलं होतं. मोठे झाल्यावर सैन्यात गेले, मग ऑस्टिनला नोकरी केली, आणि पन्नाशीला हीच जमीन विकायला निघाली तेव्हा घेतली. आजींना लग्नानंतर अकरा वर्षांनी कळलं होतं. मुलांना त्यांनी अजून सांगितलेलं नव्हतं. मुलं माझ्यापेक्षा मोठी आहेत.

मी "सॉरी" म्हटलं. ते म्हणाले, "वारा पडतोय, निघू या."

(हे लिहू का, असं त्यांना विचारलं. "तुझी ती भाषा वाचणारं इथे कोण आहे?" म्हणाले. नाव मात्र नको, हे आजींचं.)

वडिलांनी तोडलेल्या उतारावर सीडर परत कसा आला, हा प्रश्न मला तेव्हा पडला. तोडून परत फुटत नाही ना? उत्तर त्या मधल्या वर्षांत आहे. १९५० ते ५७ असा सात वर्षांचा दुष्काळ इथे पडला. १९५६ अखेर टेक्सासच्या २५४ काउंट्यांपैकी २४४ आपत्तिग्रस्त जाहीर झाल्या होत्या. एल्मर केल्टनची त्यावर कादंबरी आहे, १९७३ ची, ती इथे शाळेतली पोरंही वाचतात. गवत गेलं, गाई विकल्या गेल्या. तग धरला तो अंगोरा शेळ्यांनी, ज्यांच्या केसांचं मोहेर होतं. शेळी सीडरचं कोवळं रोप खाते. जोवर शेळ्या होत्या तोवर सीडर आवाक्यात होता. मोहेरला १९५४ च्या लोकर कायद्याने सरकारी अनुदान मिळे. १९९३ मध्ये ते बंद करायचं ठरलं, शेळ्या कमी झाल्या, त्यात जुने मालक म्हातारे होऊन जमिनी शहरवाल्यांकडे गेल्या (म्हणजे आमच्यासारख्यांकडे, फक्त जास्त पैसेवाल्या), आणि सीडरला रान मोकळं झालं. खाणारं नाही, जाळणारं नाही, तोडणारं नाही. बी तर पक्षी टाकतातच.

मग लढाई सुरू झाली ती यंत्रांनी. म्हणजे आधीच सुरू झाली होती. दोन बुलडोझरच्या मधे जहाजाच्या नांगराची जाडजूड साखळी बांधायची आणि दोघांनी समांतर चालायचं, मधलं सगळं मुळासकट आडवं. दिवसाला कितीतरी एकर. सीडर गेला, पण त्याबरोबर ओक गेले, आणि उघडी माती पहिल्या वळवाने वाहून गेली. काही वर्षांत तिथे काय आलं? बरोबर. सीडर.

याच्या उलट काम करणारा एक माणूस इथून जवळच होऊन गेला की ज्याचं नाव आजोबा टोपी काढून घेतात. डेव्हिड बॅमबर्गर. तळलेल्या कोंबडीच्या एका साखळी-दुकानात पैसा केला आणि १९६९ मध्ये जॉन्सन सिटीजवळ मुद्दाम शोधून सगळ्यात नासलेली जमीन घेतली, वाढवत साडेपाच हजार एकर केली. पाणी नव्हतं. पाचशे फुटांचे सात बोअर घेतले, कोरडे. मग त्यांनी सीडर काढला, पण जपून, आणि मोकळ्या जागेत लगेच गवत पेरलं, स्थानिक गवतांचं बी. काही वर्षांत उतारावर ओल दिसली, मग झरा, मग ओढा. आता ती जमीन संस्थेच्या नावे राखीव आहे, शाळांच्या सहली जातात. आम्हीही गेलो आहोत. डोंगराच्या कपारीतून पाणी ठिबकताना बघून मला आमच्या माणमधलं टँकरमागे धावणं आठवलं आणि उगाच राग आला.

या गोष्टीने इथे सगळ्यांना वेड लावलं: सीडर तोडा, पाणी येईल. हिशेबही मांडले गेले, एक झाड दिवसाला किती पितं, पावसातलं किती पानांवरच अडकतं. १९८५ पासून टेक्सास सरकारचा झुडपं काढण्याचा कार्यक्रम आहे, पाणी वाढवण्याच्या नावाने. आजोबांच्या उतारावरही एक कोरडी कपार आहे, तिथे त्यांच्या लहानपणी पाणी होतं, त्यांची आई तिथून घागरी, म्हणजे बादल्या, भरायची. ते सीडर तोडतात ते त्या कपारीसाठी. दर वर्षी पहिल्या दिवशी आधी तिकडे जाऊन हात लावून बघतात.

आणि मी, शहाणी, वाचत बसते. टेक्सास ए अँड एम विद्यापीठातले ब्रॅडफर्ड विल्कॉक्स आणि त्यांचे सहकारी यांनी नद्यांच्या प्रवाहाच्या दीर्घ काळाच्या नोंदी तपासल्या. त्यांचा २०१० चा निष्कर्ष उलटाच. या पठारावर झाडोरा वाढत असतानाही नद्यांचा पायाभूत प्रवाह, म्हणजे झऱ्यांतून येणारं पाणी, वाढलंय. कारण त्यांच्या मते झाडात नसून मातीत आहे. शंभर वर्षांपूर्वी गुरांनी जमीन इतकी तुडवली होती की पाणी मुरतच नव्हतं. गुरं कमी झाली, जमिनीला कसलं तरी आच्छादन मिळालं, अगदी सीडरचंही, आणि पाणी मुरू लागलं. मग बॅमबर्गर खोटे का? नाही. त्यांनी तोडण्याइतकंच पेरलं होतं. प्रत्येक टेकडीखाली खडकाचे थर कसे आहेत यावरही असतं. पण ज्यांनी गोष्टीतला "तोडा" एवढाच भाग ऐकला त्यांना पाणी मिळालं नाही.

हे आजोबांना सांगावं की नाही यावर मी एक अख्खा डिसेंबर घालवला. सांगितलं. ते म्हणाले, "आईच्या वेळी इथे सीडर कमी होता की माती जास्त होती, ते मला आठवत नाही. मी लहान होतो." आणि त्या वर्षीपासून आम्ही तोडलेल्या फांद्या जाळण्याऐवजी निम्म्या उतारावर आडव्या रचतो, समपातळीत, बांधासारख्या. त्यांच्यामागे माती अडते आणि फांद्यांच्या आडोशाने गवताच्या रोपांना गाई तोंड लावत नाहीत. कपार अजून कोरडी आहे. उतारावर गवत मात्र आलंय, मी स्वतः पाहिलंय.

आता तो पाहुणा पक्षी. गोल्डन-चीक्ड वॉर्बलर, सोनेरी गालांचा, मुठीत मावेल एवढा. हिवाळा मेक्सिको आणि मध्य अमेरिकेत काढतो आणि मार्चमध्ये इथे येतो. जगात याची पिल्लं फक्त मध्य टेक्सासमध्ये होतात, कारण घरट्याला लागणाऱ्या सालीच्या पट्ट्या फक्त म्हाताऱ्या सीडरच्या खोडावरून निघतात. तरुण झाडाची साल चालत नाही. त्या पट्ट्या तो कोळ्याच्या जाळ्याने बांधतो. १९९० मध्ये त्याला संकटग्रस्त जाहीर केलं तेव्हा जमीनमालकांनी मोठा कालवा केला होता, आमच्या जमिनीत काय तोडायचं ते सरकार ठरवणार का म्हणून.

पहिल्याच वर्षी मी उत्साहाच्या भरात एक जाड, वाकडा, साली लोंबणारा सीडर नवऱ्याला दाखवला, म्हटलं हा काढू या, वाटेत येतो. काढला. आजोबा आले, बुंध्याजवळ वाकले, बोटाने वर्तुळं मोजायला लागले आणि साठाच्या पुढे गेल्यावर थांबले. रागावले नाहीत. फक्त खिशातून लाल फीत काढून माझ्या हातात दिली. तेव्हापासून माझं पहिलं काम तोडायचं नसतं, फीत बांधायचं असतं. म्हातारी झाडं, घळीतली झाडं, तीव्र उतारावरची झाडं, यांना हात लावायचा नाही.

तर आता फोन. दादाचा. (दादा, तू हे वाचशीलच, वहिनी मोबाइलवर काढून देईल.)

माणमधली आमची वरच्या अंगाची जमीन, ओढ्यापासून माळापर्यंत, वेड्या बाभळीने भरली आहे. दादाने जेसीबीवाल्याशी बोलणं केलंय. सगळं एकदाच साफ करायचं, फेब्रुवारीत. भाव ठरलाय, काका हो म्हणालेत, माझी सही हवी, कारण उताऱ्यावर बाबांच्या मागे माझं नाव लागलंय.

वेडी बाभूळ ही टेक्सासच्या मेस्कीटची सख्खी नातेवाईक. दोन्ही अमेरिकेच्याच. आपल्याकडे ती १८७० च्या दशकात आणली गेली, सरपणासाठी आणि उघडी जमीन झाकण्यासाठी, आणि तिने दोन्ही कामं गरजेपेक्षा जास्त मनावर घेतली. मेंढरं शेंगा खातात, बी पोटातून जसंच्या तसं बाहेर पडतं. मेस्कीटही इथे गुरांच्या पोटातूनच पसरला. बाबा सांगायचे, बहात्तरच्या दुष्काळात दुसरं काही उरलं नव्हतं तेव्हा चुलीत तीच होती आणि शेरडांच्या तोंडात तिच्याच शेंगा. पुढे तिचा कोळसा पाडायला रायगडातून कातकरी कुटुंबं यायची, उचल घेऊन, पावसाळा संपला की. माळावर त्यांच्या भट्ट्या धुमसत. त्यांची पोरं काळीकुट्ट होऊन आमच्या विहिरीवर पाणी मागायला यायची आणि आम्ही दुरून बघायचो. त्यांच्याशी एकदाही खेळल्याचं मला आठवत नाही. आजोबांच्या शाळेची गोष्ट ऐकल्यापासून ती पोरं मला फार आठवतात.

दादा, तुझं म्हणणं चूक नाही. वेडी बाभूळ सीडरसारखी नाही, कापली तर चौपट फुटते, मुळासकट काढावीच लागते, आणि हाताने ते होणार नाही हे मलाही कळतं. पण ओढ्याकडचा उतार जेसीबीने उघडा केला तर जूनच्या पहिल्या पावसात तो ओढ्यात जाईल. खाली मुरूमच आहे. माथ्यावरची सपाटी आधी कर, निम्मीच, आणि तिथे पवन्या गवताचं बी लगेच पड, पाऊस व्हायच्या आधी. गवत धरलं तर पुढच्या वर्षी पुढचा पट्टा. मेंढरं दोन पावसाळे आत सोडायची नाहीत, हे काकांना तू सांग, माझं ऐकणार नाहीत. आणि विहिरीजवळची ती जुनी गावठी बाभूळ, झोक्याची, ती वेडी नाही. जेसीबीवाल्याला फरक कळणार नाही.

माझं तिकीट नऊ फेब्रुवारीचं आहे. लाल फीत घेऊन येते. तोपर्यंत ओढ्याकडे यंत्र घालू नकोस, सहीचं आल्यावर बोलू.